गोजरबाईचं डोरलं

माझ्या छंदाबद्दल ऐकलं की लोकांना आधी हंडा आठवतो. मोहरांनी भरलेला आणि वर नाग बसलेला. अंबडला आमच्या ओट्यावर अशी माणसं महिन्याला दोन तरी यायची. आवाज उतरवून म्हणायची, "साहेब, आमच्या जुन्या भिंतीत गुप्तधन हाय. यंत्र घिऊन येता का? निम्मं तुमचं." मी त्यांना चहासुद्धा विचारत नसे. माझी बायको शरयू आतून म्हणायची, "अहो, निम्मं म्हणतोय, ऐकून तरी घ्या." तिला तेवढीच करमणूक.

मी अंबडच्या कोर्टात कारकून होतो. मुद्देमालाची खोली माझ्या ताब्यात. खटल्यांत जप्त झालेल्या वस्तू तिथं चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या असतात: कुऱ्हाडी, सायकली, रक्ताचा सदरा, कुणाचा तरी पितळी तांब्या. सव्वीस वर्षं त्या खोलीत काढल्यावर माझ्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती. माणूस शपथेवर काहीही बोलतो. वस्तू खोटं बोलत नाही. वस्तू समोर नसेल तर मी कुणावर विश्वास ठेवत नसे, आणि हा माझा मोठा गुण आहे असं मला वाटायचं.

तरुणपणी मी पोस्टानं रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला होता. पुढं एका मासिकात धातू शोधायच्या यंत्राची आकृती पाहिली, सुटे भाग औरंगाबादहून आणले आणि तीन महिने खटपट करून ते बनवलं. एक लाकडी दांडा, त्याच्या टोकाला तांब्याच्या तारेचं ताटाएवढं कडं, वर पत्र्याच्या डब्यात बाकीचा संसार आणि कानाला हेडफोन. कडं जमिनीवरून फिरवत चालायचं. कानात एकसारखी गुणगुण चालू असते. खाली धातू आला की ती चढते. धातू कोणता, ते यंत्राला कळत नाही. सोनं असो नाहीतर सोड्याच्या बाटलीचं बूच, त्याला दोन्ही सारखीच. आणि वीतभर खोलीच्या पलीकडचं त्याला ऐकूही येत नाही.

मत्स्योदरी देवीची जत्रा झाली की मी टेकडीच्या उतारावर फिरायचो. बायाबापड्यांच्या कनवटीतून पडलेले पैसे, पैंजणाची घुंगरं, कानातलं. नाणी डब्यात जायची. दागिना कुणाचा ते कळलं तर नेऊन द्यायचो, पण बरेच जण घेत नसत, कारण आपल्याकडे सोनं हरवणंही अशुभ आणि सापडणंही अशुभ. मग ते देवीच्या पेटीत पडायचं. शरयू मला भंगारवाले म्हणायची. मला मात्र मातीतून वर आलेली नाण्याची कड दिसली की अजूनही छातीत धडधडायचं, पन्नाशीला आलो तरी.

असंच एकदा वाटूरच्या एका नवरदेवाची अंगठी मी शोधून दिली होती. ते ऐकून १९९५च्या एप्रिलमध्ये वाटूरहून भुजंग नावाचा शेतकरी आला. मी तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "हंडा न्हाई साहेब. मायचं डोरलं हाय. एकवीस साल झाले."

मी त्याला बसायला सांगितलं.

त्याचं म्हणणं असं. चौऱ्याहत्तर साली, नागपंचमीच्या दोन दिवस आधी, त्याच्या आईनं, गोजरबाईनं, मंगळसूत्र ओवायला काढलं. दोरा झिजला होता. गळा मोकळा नको म्हणून काळ्या मण्यांत हळकुंड बांधलं आणि सोन्याचं डोरलं चिंधीत गुंडाळून भिंतीतल्या देवळीत ठेवलं. दिवसभर घर झाडणं, सारवणं चाललं. संध्याकाळी देवळीत हात घातला तर डोरलं नाही.

"दुसऱ्या दिशी माझा मेव्हणा आल्ता, टेंभुर्णीहून. रामकिसन. बहिणीला पंचमीला न्यायला," भुजंग म्हणाला. "आमच्या लग्नाला सालच झाल्तं. मायला वाटलं, नव्या सुनंनंच काढलं अन् भावासंगं धाडून राह्यली. तिनं त्याची पिशवी अंगणात उलटी केली, सगळ्या आळीदेखत. निघालं काय, तर बहिणीला आणलेलं लुगडं अन् लाह्या."

"मग?"

"त्यानं लाह्या उचलल्या न्हाईत. म्हन्ला, बहिणीवरचं बालंट जाईस्तोवर ह्या उंबऱ्यात पाय ठिवणार न्हाई. अन् आमची मंडळी तवापासून माहेरी गेली न्हाई. म्हनती, गेले तर म्हनतील, माल पोचता करून आली."

"एकवीस वर्षं माहेरी गेली नाही?"

"एकदा बी न्हाई."

आणि आता त्यांच्या मुलीचं, तुळजाचं, लग्न एकवीस मे रोजी ठरलं होतं. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. मामा एकच, आणि तो येणार नव्हता. भुजंगनं दोन खेपा मारल्या होत्या. रामकिसननं त्याला पाणी दिलं, जेवू घातलं आणि परत पाठवलं. "मंडळी काही बोलत न्हाई," भुजंग म्हणाला. "पर तुळजा म्हनती, मामा न्हाई तर मी बोहल्यावर चढत न्हाई. साहेब, तेवढं डोरलं निघालं पाहिजे."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला त्या न पाहिलेल्या म्हातारीचा भयंकर राग आला. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते. आम्हा कारकुनांना नसते, पण कामच नसल्यामुळे रजा मागितली तर कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. मी दांडा, कडं आणि चार जादा बॅटऱ्या पोत्यात गुंडाळल्या आणि जालन्याला गाडी बदलून वाटूरला गेलो.

गोजरबाई सत्तरीची, काटकुळी आणि तिखट. गळ्यात अजूनही काळे मणी आणि हळकुंड. नवरा, रखमाजी, जिवंत, घरात दोन पैसे खेळते. पण तिनं नवं डोरलं करू दिलं नव्हतं. रोज सकाळी चुलीपुढं बसलेल्या सुनेला ते हळकुंड दिसायचं. सून, नंदाबाई, चाळिशीच्या आतली, उंच, कमी बोलणारी. तिनं मला पाणी आणून दिलं तेव्हा माझ्या यंत्राकडं एकदा पाहिलं, आणि त्या पाहण्यात आशा होती की कंटाळा, हे मला कळलं नाही.

मी वही काढून गोजरबाईचा जबाबच घेतला. सवय.

"देवळीत आणखी काय होतं, मावशी?"

"दिव्याच्या जुन्या वाती. चिंध्या. काडीपेटी."

"त्या दिवशी देवळी झाडली कुणी?"

"म्याच. देवाची देवळी सुनंला झाडू देत असते व्हय?"

मी ते लिहून घेतलं. खाली तारीखही टाकली.

दोन दिवस मी घर चाळलं. ओसरी, माजघर, न्हाणी, गोठा. मोळे म्हणजे जाड खिळे निघाले, बैलांच्या खुरांच्या पत्र्या निघाल्या, एक गंजलेली खुरपी निघाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर चहा घेत बसलो होतो, मनातून हरलेला. नंदाबाईनं गोठा झाडला, घर झाडलं, शेण, उष्टी वैरण, चुलीची राख, घरातला केर, सगळं एका टोपल्यात भरलं आणि परसातल्या उकिरड्यावर नेऊन टाकलं. हे ती गेले दोन्ही दिवस करत होती. मी पाहत होतो. उकिरड्याचा खड्डा अर्धा रिकामा होता आणि शेजारी बैलगाडी सोडलेली होती.

"ह्यातलं खत कुठं गेलं?" मी भुजंगला विचारलं.

"वावरात. कालपरवा तर वाहून राह्यलो व्हतो."

मी कपबशी खाली ठेवली. घरातून जे जे पडतं ते केरात जातं, केर उकिरड्यात आणि उकिरडा उन्हाळ्यात शेतात. सव्वीस वर्षं पुरावा सांभाळणाऱ्या माणसाला हे सुचायला तीन दिवस लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"मावशी, तेव्हा उकिरडा उपसून पाहिला नव्हता?"

गोजरबाईनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काही घाणेरडं बोललो होतो. "घरची लक्ष्मी उकिरड्यावर हुडकायची? तिथं हुडकलं म्हंजे तिला तिथं बसवल्यासारखं व्हतं. कुनाच्या घरात असं करत न्हाईत."

खरंच करत नाहीत. माझी आईही करू देत नसे. सोनं उकिरड्यावर जाऊच शकत नाही, म्हणून ते चोरानंच नेलं, म्हणून चोर घरात आहे. सगळा खटला या एका समजुतीवर उभा राहिला होता.

आता प्रश्न होता कुठल्या शेतात. त्याचं उत्तर रखमाजींनी दिलं. पंचाहत्तरीचे ते गृहस्थ एरवी या भानगडीत तोंड घालत नसत. "खत ऱ्हातं मूठभर अन् रान ऱ्हातं पसाभर," ते म्हणाले. "सगळ्याला पुरत न्हाई. दर साली एका वावराला, पाळीपाळीनं. सहा वावरं, सहा साल." त्यांनी बोटांवर मोजत मागं मागं जायला सुरुवात केली. यंदा खारी नावाचं वावर, त्याआधी मळई. सालाचे आकडे त्यांना ठाऊक नव्हते; त्यांना बैल ठाऊक होते, आजारपणं ठाऊक होती. बऱ्याच वेळानं ते थांबले. "त्या पंचमीच्या पुढल्या उन्हाळ्यात गाडीचा आख मोडला. खतानं भरलेली गाडी चिंचंपाशी बसली. म्हंजे चिंचखालचं वावर. बराबर हाय."

चिंचखालचं वावर दोन एकरांचं. काळी जमीन, नांगरून उन्हात तापायला सोडलेली, आणि तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा. मी खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधून दोन-दोन हातांचे पट्टे पाडले आणि पहाटे उजाडल्यापासून ऊन चटका देईपर्यंत, मग पुन्हा दिवस कलल्यावर, एकेक पट्टा चालायला लागलो. शेजारच्या बांधावरून लोक बघायचे. कुणी तरी म्हणालं, "साहेब जमिनीला इस्त्री करून राह्यले." मी लक्ष दिलं नाही. खरं तर मनातून चिडलो होतो.

पहिल्या पट्ट्यात पितळी गुंडी निघाली, कोटाची. दुसऱ्यात निजामाच्या वेळचा, मधे भोक असलेला पैसा. मग चुन्याची डबी, अडकित्त्याचं पातं, एक किल्ली, अॅल्युमिनियमचे तीन पैसे, बैलाच्या गळ्यातलं घुंगरू, लहान मुलाच्या कमरेच्या साखळीचा तुकडा. दर पाच-पन्नास पावलांवर कानातली गुणगुण चढायची, मी खुरप्यानं माती उकरायचो आणि त्या घराची आणखी एक वस्तू वर यायची.

मी हजारो नाणी शोधली होती, पण जत्रेच्या मैदानातली नाणी हजार घरांची असतात. इथलं सगळं एका घराचं होतं. चौथ्या दिवशी मी शेताच्या मध्यावर थांबलो आणि मागं वळून पाहिलं. या घरातून पन्नास-साठ वर्षांत जे जे निसटलं, ज्याच्यासाठी पेट्या उलट्या केल्या, पोरांना मारलं, नवस बोलले, ते कुठंही गेलं नव्हतं. ते इथं होतं. माती झालेल्या केराबरोबर इथं येऊन पडलं होतं, त्याच्यावर ज्वारी उभी राहिली होती, त्या ज्वारीची भाकरी त्याच घरात भाजली गेली होती, आणि पुन्हा घर झाडलं गेलं होतं. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. मी ती म्हण शंभरदा वापरली असेन, पण उकिरड्यापुढं मान तुकवावीशी मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

संध्याकाळी मी दिवसभरात निघालेलं सगळं धुऊन ओसरीवर पोत्यावर मांडायचो. पहिले तीन दिवस गोजरबाई तिकडं फिरकली नाही. डोरलं सोडून बाकीच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. चौथ्या दिवशी ती तोंड धुवून येता येता थबकली. पोत्यावर चांदीचा एक लहानसा वाळा होता, दबून वाकडा झालेला.

तिनं तो उचलला. पदरानं पुसला. "हा धोंडूचा हाय," ती म्हणाली.

धोंडू कोण, ते मला नंतर भुजंगनं सांगितलं. त्याचा मोठा भाऊ, त्याच्या जन्माआधी दोन वर्षांचा होऊन गेलेला.

त्या दिवसापासून ती रोज येऊन बसायला लागली. एकेक वस्तू हातात घेऊन ओळखायची. ही गुंडी सासऱ्याच्या कोटाची. ही किल्ली त्या पेटीची, जिचं कुलूप मग लोहाराकडून तोडावं लागलं. ही चुन्याची डबी सासूची. ती हरवली म्हणून सासू आठ दिवस जेवली नव्हती. तिचा आवाज हळूहळू खाली येत चालला होता. मीही तिच्यासमोर नुसता बसून राहायचो. कोर्टात मी वस्तूंना चिठ्ठ्या लावत आलो होतो. इथं वस्तू पुढं ठेवली की म्हातारीच्या तोंडून पन्नास वर्षांपूर्वीचा दिवस जसाच्या तसा बाहेर येत होता. तिच्यावरचा माझा राग कुठं गेला ते मला कळलंच नाही.

आठव्या दिवशी एक जोडवं निघालं. तिनं ते पाहिलं आणि हात पुढं केला नाही.

"तुमचं का, मावशी?"

"माजंच." तिनं पदर गुडघ्यावर ओढून घेतला. "झुंबरबाई व्हती आमच्या कामाला. गोठा काढायची, पानी भरायची. म्या म्हन्ले, जोडवं तिनंच घेतलं. कामावरून काढली. मंग गावात कुनी तिला कामाला बोलावलं न्हाई."

"आता कुठं असतात त्या?"

"मेली. लई साल झाले."

दिवेलागण झाली तरी ती उठली नाही. आत चुलीपाशी नंदाबाई भाकरी थापत होती, तो आवाज तेवढा येत होता. मग गोजरबाई मोठ्यानं म्हणाली, माझ्याकडं न बघता, भिंतीकडंही न बघता, "नंदे, देवळी म्याच झाडल्ती. चिंधीसंगट म्याच सुपात वढलं असंल. तुजा हात तिथं गेलाच न्हवता."

भाकरीचा आवाज थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

"भुजंगा," गोजरबाई म्हणाली, "टेंभुर्णीला जायला सकाळची गाडी किती वाजता हाय?"

"माय, डोरलं अजून कुठं सापडलंय?"

"झुंबर मेली," ती म्हणाली. "नंदा जिती हाय."

दुसऱ्या दिवशी माझी रजा संपली आणि मी अंबडला परतलो. चार दिवसांनी भुजंग लग्नाची पत्रिका घेऊन आला आणि टेंभुर्णीची हकीकत सांगितली. गोजरबाई रामकिसनच्या अंगणात जाऊन उभी राहिली. त्यानं विचारलं, सापडलं का? ती म्हणाली, न्हाई सापडलं. मग कशाला आल्या, त्यानं विचारलं. "माय म्हन्ली, सापडलं न्हाई, पर कळलं. त्या दिशी तुजी पिशवी म्या उलटी केली, आज माजी तू कर. अन् खरंच तिनं पिशवी त्याच्यापुढं धरली, साहेब. त्यात लाह्या व्हत्या." येताना तिनं जालन्याला उतरून सराफाकडं नवं डोरलं करायला टाकलं, हेही त्यानं सांगितलं.

शरयूनं सगळं ऐकलं. "झालं की मग," ती म्हणाली. "मामा येतोय. तुमचं काम संपलं."

पण माझं संपलं नव्हतं. माझे सहा पट्टे राहिले होते. म्हातारीचं मन वळलं हे चांगलंच झालं, पण मन उद्या पुन्हा फिरू शकतं. गावाची तोंडं तर फिरतातच. मुद्देमाल नाही तोवर निकाल पक्का नाही, असं मी शरयूला ऐकवलं. तिनं हात जोडले. लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीच्या सकाळी, मी यंत्र घेऊन परस्पर चिंचखालच्या वावरात गेलो. घरी मांडव होता, गडबड होती, कुणाच्या अध्येमध्ये नको म्हणून मी आल्याचं सांगितलंही नाही. भुजंगच्या गड्यानं मला पाहून घरी सांगितलं असावं.

पाच पट्ट्यांत दोन मोळे आणि एक बूच. सहावा निम्मा झाला तेव्हा बांधावरून नंदाबाई येताना दिसली. हाताला हळद होती, पाय भराभर पडत होते. मी तिला हातानं थांबा म्हणालो आणि कडं पुढं सरकवलं.

गुणगुण चढली. यंत्राला नाही, पण सरावलेल्या कानाला मोळ्याचा आवाज चिरका लागतो, बुचाचा तुटक. हा आवाज भरत गेला, गोल झाला आणि तसाच टिकून राहिला. मी कडं मागं घेतलं, पुन्हा नेलं. पुन्हा तसाच. वीतभर खाली काही तरी लहान आणि घट्ट पडलेलं होतं. मी हेडफोन काढला.

नंदाबाई जवळ येऊन उभी राहिली होती. माझ्या तोंडाकडं बघून तिनं विचारलं, "वाजलं?"

"वाजलं."

"तेच हाय का?"

"यंत्र ते सांगत नाही. असेल, नसेल. खणलं की कळेल." मी खुरपं काढलं आणि खाली बसलो. "दोन मिनिटांचं काम आहे, नंदाबाई."

"ऱ्हाऊ द्या, साहेब."

मला वाटलं, तिला कळलं नाही. मी समजावून सांगायला लागलो, की हे निघालं तर कायमचा प्रश्न मिटेल, गावात कुणाला बोलायला जागा उरणार नाही, तिच्या निर्दोषपणाचा पुरावाच होईल. तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग तीही माझ्यासमोर मातीत उकिडवी बसली.

"एकवीस साल ह्या वावरात खुरपून राह्यले म्या," ती म्हणाली. "दर साली मनात म्हनायची, आज तरी दिसू दे. ते न सापडता आत्याबाई टेंभुर्णीला गेल्या. 'म्या घेतलं न्हाई' ह्या माज्या शब्दावर गेल्या. आता हे निघालं तर लोक म्हनतील, सोनं सापडलं म्हनून सून सुटली. आत्याबाईला बी तसंच वाटंल. मंग माजा शबुद पुन्हा कशात धरायचा?"

सव्वीस वर्षांत कुठल्या वकिलानंही मला असा प्रश्न विचारला नव्हता. खाली वीतभरावर जे होतं ते बाहेर काढण्यासाठी माझी बोटं नुसती शिवशिवत होती, हे खोटं कशाला सांगू. पण तिच्याकडं बघितलं आणि मला वाटलं, ज्याची मी जन्मभर चिठ्ठी लावून राखण केली ते सगळं हिच्या या एका वाक्यापुढं भंगार आहे.

मी बटण बंद केलं. सुतळी गुंडाळायला लागलो. खुंट्या तिनं उपटल्या, एकेक करून, आणि आमच्या दोघांच्या मधली सगळ्यात शेवटी. मग पायानं माती सारखी केली, इतकी सारखी की दहा पावलं गेल्यावर मी वळून पाहिलं तर ती जागा मला ओळखू आली नाही.

"चला," ती म्हणाली. "भाऊ पंगतीला बसलाय. म्हनतो, यंत्रवाले साहेब आल्याबिगर घास उचलत न्हाई."